दिव्याखालच्या अंधाराचा हिशेब

औषधांना दाद न देणाऱ्या बुरशीने रुग्णालयांत ठाण मांडायला सुरुवात केल्यापासून अतिनील दिव्यांवरून एक वाद रंगला आहे. एका बाजूचे म्हणणे असे, की जिथे औषधे हरली तिथे प्रकाश जिंकेल आणि म्हणून प्रत्येक अतिदक्षता विभागात असा एक दिवा असलाच पाहिजे. दुसरी बाजू म्हणते, की हे सगळे यंत्रे विकणाऱ्यांचे मायाजाल आहे, सावलीत बसलेली बुरशी या दिव्याला भीक घालत नाही, तेव्हा तोच पैसा साबण-पाण्यावर खर्च करा. दोघांकडेही प्रयोगशाळेतले आलेख आहेत आणि तरीही वाद पुढे सरकत नाही, कारण ‘अतिनील किरणांनी ही बुरशी मरते का?’ या एकाच प्रश्नाभोवती दोघे फिरत राहतात. हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे. पुरेसा प्रकाश, पुरेसा वेळ, पुरेसा जवळून पडला तर ती मरते. विचारायला हवे ते वेगळेच. प्रकाश नेमका कुठे पोहोचला, किती पोहोचला, आणि दिवा विझल्यावर ती जागा पुन्हा कोण आणि किती वेळात मळवणार आहे? माझे मत आधीच सांगून टाकतो. रुग्णालयांनी हे दिवे वापरावेत; परंतु अतिनील दिवा हे औषध नाही, ते फडके आहे, आणि फडक्याला जे प्रश्न विचारायचे तेच त्यालाही विचारावेत.

ज्या बुरशीमुळे हा वाद पेटला ती कॅन्डिडा ऑरिस. २००९ साली जपानमधल्या संशोधकांनी एका सत्तर वर्षांच्या रुग्णाच्या कानातील स्रावातून ती वेगळी काढली आणि कानासाठीचा लॅटिन शब्द तिच्या नावाला चिकटला. पुढच्या काही वर्षांत दक्षिण आशिया, पूर्व आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका येथे ती जवळपास एकाच काळात दिसू लागली, आणि आश्चर्य असे, की ठिकठिकाणची कुळे जनुकांच्या दृष्टीने एकमेकांपासून बरीच दूरची निघाली. म्हणजे एका रुग्णालयातून निघून ती जगभर गेली, असा सोपा उलगडा करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये घातक बुरशींची आपली पहिली यादी जाहीर केली, तेव्हा सर्वांत वरच्या गटात जी चार नावे होती त्यांत हे एक होते. अमेरिकेत तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे ९० टक्के नमुने फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाला आणि सुमारे ३० टक्के अॅम्फोटेरिसिन-बी या दुसऱ्या औषधाला जुमानत नाहीत. बुरशीची पेशी जीवाणूच्या पेशीपेक्षा आपल्या पेशीशी अधिक नाते सांगणारी असल्यामुळे तिला मारील आणि आपल्याला तारील असे औषध सापडणे मुळातच अवघड असते. अंगभर पसरलेल्या बुरशीवर वापरायच्या औषधांचे मुख्य गट मोजायला एका हाताची बोटे पुरतात.

असे असले, तरी दिव्याच्या वादात औषधरोध ही मुख्य बाब नाही, हे दोन्ही बाजू विसरतात. या बुरशीचे खरे वेगळेपण तिच्या वस्तीत आहे. कॅन्डिडाच्या इतर जाती बहुधा माणसाच्या स्वतःच्या आतड्यात आणि श्लेष्मल त्वचेवर राहतात आणि प्रतिकारशक्ती ढासळली की तिथूनच रक्तात शिरतात. त्यामुळे शेजारच्या खाटेची चिंता फारशी करावी लागत नसे. ऑरिस मात्र काखेत, जांघेत, त्वचेवर महिनोन्‌महिने शांतपणे राहते, त्वचेच्या कणांबरोबर चादरीवर, कठड्यावर, यंत्राच्या बटणांवर झडते आणि कोरड्या प्लॅस्टिकवर दोन आठवडे आणि त्याहूनही अधिक काळ जिवंत राहू शकते. रुग्णालयांत फरशी आणि पृष्ठभाग पुसायला सर्रास वापरली जाणारी क्वाटर्नरी अमोनियमची द्रावणे तिच्यावर अपुरी पडतात. क्लोरीन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली द्रव्ये लागतात. म्हणजे लढाई रुग्णाच्या रक्तात सुरू होण्याच्या कितीतरी आधी खाटेच्या कठड्यावर सुरू झालेली असते, आणि तिथे औषधाचे काम नसून सफाईचे आहे.

दिव्याच्या समर्थकांचा सर्वांत भक्कम मुद्दा इथेच आहे आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. २५४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे अतिनील किरण पेशीतल्या डीएनएमध्ये शेजारशेजारच्या घटकांची नको तिथे गाठ मारतात, आणि अशा गाठी फार झाल्या की पेशीला स्वतःची प्रत काढता येत नाही. बुरशीने औषध बाहेर फेकणारे पंप उभारले असोत, की औषध जिथे चिकटते त्या प्रथिनाचा आकार बदलला असो, प्रकाशाला त्याच्याशी कर्तव्य नाही. शिवाय दिवा थकत नाही, त्याला कोपऱ्याचा कंटाळा येत नाही, तो मागे कोणतेही रसायन ठेवत नाही. आणि माणसाच्या हाताची सफाई आपण समजतो तशी होत नाही, याचा पुरावा तर भरभक्कम आहे. अमेरिकेतील २३ रुग्णालयांत केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत रुग्ण गेल्यानंतरच्या सफाईत ज्या वस्तू पुसल्या जायलाच हव्यात, त्यांपैकी सरासरी निम्म्याही पुसल्या जात नव्हत्या. आकडा होता ४९ टक्के. ज्यांना केवळ साबण-पाण्याचा महिमा गायचा आहे त्यांनी आधी या आकड्याला उत्तर दिले पाहिजे.

पण दिवा प्रत्यक्षात काय करतो हे पाहायचे असेल तर रिकाम्या खोलीत जाऊन पाहावे लागते. खाट, तिच्यावर गादी, बाजूला कप्प्यांचे कपाट, सलाइनचा स्टँड, जेवणाचे सरकते टेबल, भिंतीवर मॉनिटर आणि त्याच्या लोंबणाऱ्या वायरी. खोलीच्या मध्यभागी, किंवा जिथे जागा मिळेल तिथे, माणसाच्या उंचीचा दिव्यांचा खांब उभा करतात, दार बंद करतात, बाहेरून कळ दाबतात. आता कठड्याची दिव्याकडची बाजू न्हाऊन निघते. कठड्याला जिथे आपण पकडतो तिथे बोटे ज्या खालच्या बाजूला वळतात, तिथे सावली असते. टेबलाच्या पृष्ठभागावर प्रकाश पडतो, टेबल उंच-सखल करायच्या दांड्यावर पडत नाही. अंतर दुप्पट झाले की प्रकाशाचा मारा ढोबळमानाने चौपट घटतो. म्हणजे एक मीटरवर जे दहा मिनिटांत साधते त्याला दोन मीटरवर चाळीस आणि तीन मीटरवर दीड तास लागावा. भिंतीवरून परावर्तित होऊन प्रकाश सावलीत जाईल, अशी आशा दाखवली जाते, पण आपल्या डोळ्यांना शुभ्र दिसणारा नेहमीचा पांढरा रंग हे किरण परत पाठवण्याऐवजी बहुतांशी गिळून टाकतो. आणखी एक गंमत म्हणजे दिव्याची निळसर आभा पाहून तो काम करतो आहे असे सर्वांना वाटते. वास्तविक निर्जंतुक करणारे किरण डोळ्यांना दिसतच नाहीत, आणि नळी जुनी होऊन त्यांचा जोर उतरला तरी निळी आभा तशीच राहते. दिव्याखाली अंधार, ही म्हण इथे उपमा राहत नाही, तंतोतंत वर्णन होते.

त्यात ही बुरशी साध्या जीवाणूंपेक्षा चिवट आहे. स्टॅफिलोकॉकसचा औषधरोधी प्रकार ज्या अवधीत पुरेसा घटतो त्या अवधीत ऑरिस तितकी घटत नाही. तिच्यासाठी दिवा बराच अधिक वेळ लावावा लागतो, साधारण तितका, जितका क्लॉस्ट्रिडियोइडिस डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जीवाणूच्या चिवट बीजाणूंसाठी लागावा. तिच्या निरनिराळ्या कुळांतही या बाबतीत फरक आढळले आहेत, आणि जिच्या पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात तिच्यात वरच्या पेशी खालच्यांना छत्री धरतात. अशा वेळी जीवाणूंवर घेतलेल्या चाचणीवरून ठरवलेली दहा मिनिटांची फेरी बुरशी असलेल्या खोलीत चालवणे म्हणजे दुसऱ्या रोग्याची मात्रा या रोग्याला देणे होय. आणि यंत्राच्या माहितीपत्रकावरच्या ‘९९.९ टक्के’ या आकड्याने तर अनेक शहाण्यांना भुरळ घातली आहे. एखाद्या जागी दहा लाख पेशी असतील तर ९९.९ टक्के मेल्यावर एक हजार उरतात. हे प्रमाण काचेच्या स्वच्छ चकतीवर, दिव्यासमोर सरळ धरून मिळालेले असते. वाळलेल्या रक्ताखाली, घामाच्या थराखाली किंवा कडेच्या चिरेत बसलेल्या पेशी त्या नियमाला बांधील नसतात. मग आधी पुसून घ्यायचे नाही, तर दिवा लावायचा कशावर?

इथे एक जुनी कथा आठवते, आणि ती दोन्ही बाजूंना सारखीच झोंबणारी आहे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात विल्यम वेल्स या संशोधकाने फिलाडेल्फियाजवळच्या काही शाळांच्या वर्गांत छताजवळ अतिनील दिवे बसवले. १९४१ मध्ये गोवराची मोठी साथ आली तेव्हा दिवे असलेल्या वर्गांतील मुलांमध्ये ती इतर मुलांच्या मानाने फारच कमी पसरली. उत्साहाला उधाण आले. मग काही वर्षांनी न्यू यॉर्क राज्याच्या ग्रामीण भागातील शाळांत तोच प्रयोग झाला आणि तितका परिणाम दिसला नाही. १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या प्रयोगानेही फारशी आशा दाखवली नाही, आणि दिव्यांचे नाव मागे पडले. दिवे बिघडले होते का? गोवराचा विषाणू बदलला होता का? तसे काही नव्हते. खेड्यापाड्यांतून ही मुले एकत्र बसमधून शाळेत येत आणि बसमध्ये दिवा नव्हता. वर्गातली हवा शुद्ध होती आणि संसर्ग बसमध्ये होत होता. त्यावरून दिवा निरुपयोगी ठरवणे जेवढे चूक, तेवढेच वर्गात दिवा आहे म्हणून मुले सुरक्षित समजणेही चूक.

ऑरिसच्या बाबतीत ही बस म्हणजे रुग्णाची त्वचा आणि त्याच्या अंगाला लागून खाटेखाटेवर फिरणारी उपकरणे. ऑक्सफर्डच्या रुग्णालयांतील मज्जासंस्थेच्या अतिदक्षता विभागात २०१५ ते २०१७ या काळात सत्तर रुग्णांच्या अंगावर किंवा शरीरात ही बुरशी आढळली. नेहमीचे सगळे उपाय झाले, तरी नवे रुग्ण सापडतच राहिले. शोध घेतल्यावर कळले, की खोल्यांच्या भिंती-फरशांवर बुरशी क्वचितच होती; ती होती काखेत लावून शरीराचे तापमान सतत मोजणाऱ्या, एका रुग्णानंतर दुसऱ्याला वापरल्या जाणाऱ्या छोट्या उपकरणांवर. ती वापरातून काढून टाकली आणि मगच प्रादुर्भाव ओसरू लागला. अशा विभागात रोज रात्री खोलीभर अतिनील प्रकाश पाडला असता तर काय झाले असते? भिंती निर्जंतुक झाल्या असत्या, आणि सकाळी ते उपकरण एका काखेतून दुसऱ्या काखेत गेले असते. ज्या खोलीत रुग्ण झोपलेला आहे तिथे हा दिवा लावताच येत नाही, कारण तो डोळ्यांना आणि त्वचेला भाजतो. आणि रुग्ण खोलीत असतानाच तर त्याच्या अंगावरून बुरशी झडत असते. डिस्चार्जनंतरची एक फेरी म्हणजे कित्येक दिवसांच्या झडण्यावर अखेरीस मारलेला एक हात, एवढाच तिचा अर्थ.

आता विरोधकांकडे वळू. त्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा असा, की खोलीतल्या पेशी घटल्या याचा अर्थ रुग्णांचे संसर्ग घटले असा होत नाही, आणि ऑरिसच्या बाबतीत तसे दाखवून देणारी मोठी, यादृच्छिक पद्धतीने केलेली चाचणी झालेली नाही. हा आक्षेप रास्त आहे. १९६४ साली अमेरिकेतील पाच रुग्णालयांत जवळपास पंधरा हजार शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. शस्त्रक्रियागृहातल्या अतिनील दिव्यांनी हवेतले जीवाणू खरोखर घटले, पण जखमा चिघळण्याचे एकूण प्रमाण जवळजवळ जिथल्या तिथे राहिले, फक्त अगदी स्वच्छ प्रकारच्या शस्त्रक्रियांत थोडा फायदा दिसला. कारण उघड होते. बहुतेक जखमांतले जीवाणू हवेतून नव्हे, तर रुग्णाच्याच अंगातून येत होते. पण या आक्षेपावरून ‘म्हणून दिवा नको’ हा निष्कर्ष काढायची घाई कशासाठी? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या नऊ रुग्णालयांतील चाचणीत नेहमीच्या सफाईला अतिनील दिव्याची जोड दिल्यावर त्या खोलीत नंतर दाखल झालेल्या रुग्णांमध्ये काही औषधरोधी जंतूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्या जंतूंत ऑरिस नव्हती, हे खरे. तरीही मागच्या रुग्णाने खोलीत सोडलेला वारसा पुढच्या रुग्णाला मिळतो आणि दिव्याने तो कमी करता येतो, एवढे तत्त्व त्यातून सिद्ध झाले. आणि जी बुरशी पृष्ठभागांवर आठवडेच्या आठवडे तग धरते तिला हे तत्त्व लागू पडू नये, असे मानायला काही कारण दिसत नाही. मात्र याच चाचणीतला दुसरा निकाल समर्थक सहसा सांगत नाहीत: जिथे आधीच ब्लीचने सफाई होत होती तिथे डिफिसिलच्या बाबतीत दिव्याची जोड देऊन अधिक काही पदरात पडले नाही. म्हणजे दिव्याचा उपयोग फडक्याच्या उणिवेच्या प्रमाणात असतो. सफाई जितकी चोख, दिव्याला शिल्लक काम तितके कमी.

त्या उणिवेचे माप घेण्याची युक्ती फार साधी आहे आणि गंमत म्हणजे तीही अतिनील प्रकाशाचीच आहे. एका रुग्णालयात ही तपासणी मी जवळून पाहिली आहे. सफाईच्या आधी एक परिचारिका खोलीत जाऊन पारदर्शक जेलचे छोटे ठिपके ठेवते: कठड्यावर, कॉलबेलच्या बटणावर, स्वच्छतागृहाच्या कडीवर, मॉनिटरच्या कळांवर. ठिपका वाळला की दिसत नाही. सफाई उरकल्यावर पडदे ओढून ती हातातली छोटी विजेरी लावते, जिचे किरण कोणालाही मारत नाहीत, फक्त ठिपक्याला चमकवतात. त्या दिवशी कठड्याच्या वरच्या बाजूचे ठिपके गेलेले होते, खालच्या बाजूचे निळसर चमकत होते. कॉलबेलचा ठिपका अर्धा पुसलेला होता, म्हणजे फडके तिथवर गेले होते पण घाईत होते. सफाई करणाऱ्या बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांना कोणी काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, “एका खोलीला मला वीस मिनिटं देतात, आणि बाहेर पेशंट स्ट्रेचरवर असतो. वेळ द्या, ठिपका ठेवायला जागा सापडणार नाही अशी पुसून देते.” मघाच्या ४९ टक्क्यांचा आकडाही अशाच ठिपक्यांनी काढलेला होता. त्या रुग्णालयांनी पुढे काय केले? कर्मचाऱ्यांना निकाल दाखवले, कोणत्या वस्तू सुटतात ते सांगितले, पद्धत सुधारली, आणि प्रमाण बरेच वर गेले. त्यासाठी मोठे यंत्र लागले नाही.

दिव्याला चाळीस मिनिटांची फेरी देणारे प्रशासन त्या बाईंना वीसच मिनिटे का देते, हा प्रश्न मला या वादाच्या मुळाशी असल्यासारखा वाटतो. यंत्राच्या फेरीचा अवधी शास्त्राने ठरवलेला असतो, म्हणून तो पाळला जातो. माणसाच्या कामाचा अवधी बाहेर ताटकळणाऱ्या रुग्णाने ठरतो. त्यातून असेही घडते, की दिवा आला म्हणून हाताची सफाई आणखी आखडली जाते, ‘नाहीतरी दिवा लावणारच आहोत’ म्हणून. दिवा घेऊन सफाईचा एकही माणूस कमी करणे हे दिवा न घेण्यापेक्षा वाईट आहे, कारण मळावर पडलेला प्रकाश फक्त मळ उजळतो आणि कागदावर खोली निर्जंतुक झाल्याची नोंद होते.

समर्थकांचा आणखी एक दावा तपासून घेतला पाहिजे, कारण तो ऐकायला फार गोड आहे: औषधांना प्रतिकार निर्माण होतो, प्रकाशाला होणारच नाही. हे इतिहासाला धरून नाही. १९४० च्या दशकात जनुकशास्त्रज्ञ एव्हलिन विटकिन यांनी ई. कोलाय जीवाणूंवर अतिनील किरणांचा मारा केला तेव्हा जवळपास सगळे मेले, पण जे मोजके वाचले त्यांच्यापासून किरणांना अधिक सोसणारा एक वाण मिळाला, आणि पेशी आपला डीएनए कसा दुरुस्त करते याच्या पुढच्या संशोधनाला त्यातून मोठी दिशा मिळाली. याहून बोलके उदाहरण तर बुरशीचेच आहे. पेनिसिलिनचे उत्पादन वाढवण्यासाठी त्या काळी पेनिसिलियम बुरशीवर क्ष-किरण आणि अतिनील किरण मुद्दाम सोडले गेले, तिच्यात उत्परिवर्तने घडवली गेली आणि त्यांतून अधिक पेनिसिलिन देणारे वाण निवडले गेले. म्हणजे अपुऱ्या मात्रेतला अतिनील प्रकाश बुरशी बदलण्याचे हत्यार आहे, हे आपल्याला पाऊणशे वर्षांपासून ठाऊक आहे. याचा बाऊ करायचे कारण नाही. रुग्णालयातल्या दिव्यांनी नवी घातक बुरशी जन्माला घातली, असे म्हणायला आधार नाही, आणि अनेक ठिकाणी एकदम घाव घालणाऱ्या प्रकाशाला प्रतिकार करणे एका औषधाला चुकवण्याइतके सोपेही नाही. परंतु मात्रा मोजल्याविना दिवा फिरवत राहण्याची सवय जुन्या चुकीसारखीच आहे. प्रतिजैविकांचे अर्धवट डोस देताना आपण हेच केले होते.

२२२ नॅनोमीटरच्या दिव्यांची सध्या जी चर्चा आहे तिच्याविषयी थोडक्यात. हे किरण त्वचेच्या वरच्या मृत थरातच शोषले जातात, म्हणून माणसे असलेल्या खोलीत ते वापरता येतील, अशी आशा आहे, आणि हवेतल्या विषाणूंच्या बाबतीत ती पोकळ नाही. पण ज्या गुणामुळे ते त्वचेत खोल शिरत नाहीत त्याच गुणामुळे मळाच्या थराखालीही शिरत नाहीत; शिवाय माणसांसाठी घालून दिलेल्या मर्यादेत राहायचे तर मारा मंद ठेवावा लागतो, आणि आपली ही बुरशी तर भरपूर मारा मागणारी. हवेसाठी म्हणून त्यांचा विचार जरूर व्हावा. खाटेच्या कठड्यासाठी त्यांच्यावर विसंबणे मला आज तरी धाडसाचे वाटते.

हवेचा विषय निघालाच आहे तर सगळ्या बुरशींना एकाच माळेचे मणी समजण्याची चूकही नोंदवली पाहिजे. अॅस्परजिलस फ्युमिगेटस ही दुसरी घातक बुरशी हवेतून बीजाणूंच्या रूपाने येते. तिच्या बीजाणूंना रंगद्रव्याचे कवच असते आणि ते कवच अतिनील किरणांना काही प्रमाणात अडवते. तिचा औषधरोध पुष्कळदा रुग्णालयात घडतच नाही. शेतीत फवारल्या जाणाऱ्या, रुग्णांच्या औषधांच्याच घराण्यातल्या बुरशीनाशकांनी तो शेतात घडतो आणि वाऱ्यावर स्वार होऊन खिडकीशी येतो. तिथे गाळणीतून आलेली हवा आणि बांधकामाच्या धुळीपासूनचे संरक्षण आधी, दिवा नंतर. उलट क्षयरोगाच्या बाबतीत छताजवळचे दिवे खरोखर कामाला आले आहेत: पेरूमधल्या लिमा शहरातील एका रुग्णालयात वॉर्डातली हवा गिनिपिगांना देऊन २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवे नसताना सुमारे ३५ टक्के प्राण्यांना लागण झाली तर दिवे असताना सुमारे साडेनऊ टक्क्यांना. तिथला जंतू हवेत तरंगतो, दिवाही हवेतच होता. इथे जंतू कठड्याखाली आहे.

शस्त्रक्रियेच्या इतिहासात याला समांतर असा एक प्रसंग आहे. जोसेफ लिस्टर यांनी १८७० च्या सुमारास शस्त्रक्रियेच्या वेळी हवेत कार्बोलिक आम्लाचा फवारा मारायला सुरुवात केली. डॉक्टरांचे हात सोलवटून निघत, पण हवेतल्या जंतूंचा बंदोबस्त झाल्याचे समाधान मिळे, आणि फवाऱ्याचे ते धुके म्हणजे आधुनिक शस्त्रक्रियेची खूण होऊन बसले. १८९० साली बर्लिनच्या परिषदेत खुद्द लिस्टर यांनीच या फवाऱ्याची शिफारस केल्याची आपल्याला लाज वाटते, असे सांगितले. जखमेत जंतू जात होते ते मुख्यतः हात, हत्यारे आणि पट्ट्या यांतून. पण फवारा फसला म्हणून कार्बोलिक फसले नाही. हत्यारे आणि हात त्यात बुडवले तेव्हा त्याच द्रव्याने आपले काम चोख केले. द्रव्य बरोबर होते, जागा चुकली होती.

अतिनील दिव्याचीही योग्य जागा शोधता येते. ऑक्सफर्डच्या उपकरणासारख्या, अंगाला लागून फिरणाऱ्या वस्तूंसाठी, म्हणजे रक्तदाबाचे पट्टे, तापमापके, सोनोग्राफीचे प्रोब यांच्यासाठी बंद पेटीतला दिवा मला खोलीतल्या खांबापेक्षा अधिक पटतो: अंतर विताएवढे, प्रकाश दोन्ही बाजूंनी, आत डोकावणारे कोणी नाही. त्यातही वस्तू आधी पुसलेली हवी, आणि या किरणांनी काही प्लॅस्टिक पिवळे पडून चिरते, त्यामुळे कोणती वस्तू चालेल ते उत्पादकाला विचारलेले हवे. खोलीसाठी दिवा वापरायचा तो ऑरिस असलेला रुग्ण गेल्यावर, योग्य द्रावणाने पुसून झाल्यावर, खांबाची जागा निदान दोनदा बदलून, आणि बुरशीला लागेल तेवढा वेळ. सावलीच्या जागी मात्रा मोजणाऱ्या, रंग बदलणाऱ्या पट्ट्या चिकटवाव्यात; त्या बदलल्या नाहीत तर फेरी झाली असे समजू नये. आणि यंत्राच्या खरेदीच्या फाइलवर सही करण्याआधी महिनाभर त्या छोट्या विजेरीने ठिपके मोजून पाहावेत. ज्या रुग्णालयाला आपल्याकडचे किती ठिपके पुसले जातात हे सांगता येत नाही, त्याला वर्षभराने दिव्यामुळे काय फरक पडला हेही सांगता येणार नाही; आणि ठिपके मोजल्यावर, दिव्याच्या पैशांत आधी त्या बाईंच्या जोडीला आणखी दोन माणसे नेमावीत, असे उत्तर निघाले, तर तेही उत्तर घेण्याची तयारी ठेवावी लागेल.